अडकलेला व्हॉल्व्ह आणि छत्तीस तासांची ड्रिप

११ ते २० जानेवारी २०२५ या दहा दिवसांत, माझ्या हृदयातला कृत्रिम व्हॉल्व्ह गुठळीने अडकला तेव्हा, काय काय झालं ते आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते. त्यातल्या एका रात्री आमचे हे आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर 'व्हॉल्व्ह अडकणे' असं मराठीत शोधत होते. ज्यावरून धीर यावा असं काहीच हाती लागलं नाही. पुढच्या कुणाला तसं शोधावं लागलं तर निदान एका घरचा अनुभव सापडावा, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषधाचे आकडे दिलेत ते मला दिलेल्या औषधाचे. त्यावरून कुणी आपलं काही ठरवू नये.

अकराव्या वर्षी मला मोठा ताप आला होता. गुडघे, मग घोटे, मग मनगटं सुजली. गावात वात म्हणून तेल चोळलं आणि महिन्याभरात सगळं थांबलं. घसादुखीतून येणारा तो संधिवाताचा ताप हृदयाची झडप आकसून गेला होता, हे कळायला लग्न आणि बाळंतपण व्हावं लागलं. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात माझी मायट्रल झडप काढून तिथे कृत्रिम व्हॉल्व्ह बसवला. कार्बनच्या दोन अर्धगोल पात्यांचा. तेव्हापासून रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी, रक्ततपासणी. मायट्रलच्या धातू-कार्बनच्या व्हॉल्व्हला आयएनआर २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा, असं मला तेव्हाच लिहून दिलेलं.

या व्हॉल्व्हला आवाज असतो. पाती मिटताना टक होतं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला. खाली आणि समोर मागांचे कारखाने. माग चालू असले की दुसरं काही ऐकू येत नाही. लाईट गेली की गल्ली एकदम गप होते आणि मग माझ्या छातीतली टक शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येते. लेक लहान असताना ती ऐकत झोपायची. बारा वर्षांत या आवाजाची इतकी सवय झाली की त्याच्याकडे लक्ष जाईनासं झालं.

डिसेंबरात दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी फाईल बघितली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हटल्यावर पाच दिवस आधी बंद करा म्हणाले. ११ डिसेंबरपासून मी ती बंद केली. १६ तारखेला दाढ काढली. सूज होती म्हणून आणखी थोडं थांबा असं ठरलं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं, एवढं माझ्याही डोक्यात आलं नाही. मी २४ डिसेंबरला गोळी परत सुरू केली. तेरा दिवस. सुरू केल्यावर आयएनआरही तपासला नाही, कारण महिन्याची तारीख अजून आली नव्हती.

नंतर मला कळलं ते इथेच सांगते. दात काढण्यासारख्या छोट्या कामाला कृत्रिम व्हॉल्व्हच्या माणसाची गोळी सहसा बंद करत नाहीत. आयएनआर मर्यादेत आहे का ते आदल्या दिवशी बघतात, दात काढून टाका घालतात, औषधात भिजवलेला बोळा दाबून धरायला देतात. आणि एखाद्या मोठ्या ऑपरेशनला बंद करावीच लागली, तर मधल्या दिवसांत हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाची, इंजेक्शनं द्यायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतात.

३० डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या होती. माहेरी, शेतात पांडवांची पूजा, आंबील, उंडे आणि भज्जी. भज्जीत हरभरा, मेथी, चुका, हाती लागेल ती पालेभाजी. मी दोन वेळा भरपूर खाल्ली. दवाखान्यात गेल्यावर कितीतरी जण म्हणाले की भज्जीनेच झालं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, पालेभाजीने आयएनआर थोडा खाली येतो हे खरं, पण एका दिवसाच्या भज्जीने व्हॉल्व्ह बंद पडत नाही. तुमचे तेरा दिवस मोजा." हे मुद्दाम लिहितेय, कारण सणाला जेवल्याचा अपराध मनाला लावून घेणाऱ्या बायका मी नंतर तपासणीच्या रांगेत बघितल्या.

५ जानेवारीपासून जिना चढताना दम लागायला लागला. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब आणि पॅकिंग बघते. त्या आठवड्यात गठ्ठे मोजायला वाकले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. थंडी होती, खोकला होता, त्यामुळे जवळच्या दवाखान्यातून ७ तारखेला खोकल्याचं औषध आणलं. ९ च्या रात्री आडवं झोपता येईना. दोन उशा, मग तीन, मग भिंतीला टेकून बसून. असं बसून झोपावं लागणं ही मोठी खूण आहे. मी ती २०१३ च्या आधी भोगलेली होती, तरी मन मानत नव्हतं.

१० तारखेच्या रात्री पावणेबाराला लाईट गेली. माग थांबले. मी भिंतीला टेकून श्वास घेत होते. हे उठले, पाणी दिलं, आणि एकदम म्हणाले, "अगं, टक ऐकू येईना की."

त्यांनी छातीला कान लावला. मी श्वास धरून बघितलं. टक नव्हती. आत काहीतरी मऊ, कापडात गुंडाळल्यासारखं होत होतं. खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. आम्ही सकाळपर्यंत थांबलो, पावणेआठ तास. हे मला आजही सलतं.

११ तारखेला, शनिवारी सकाळी साडेसातला रिक्षाने हृदयाच्या दवाखान्यात गेलो. नाव देत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही पुढे सांगणार आहे. अपघात विभागात ह्यांनी पहिलं वाक्य हे सांगितलं: "मेटलचा व्हॉल्व्ह आहे आणि आवाज बंद झालाय." त्या एका वाक्याने कामं पटापट झाली असं मला वाटतं. नुसता दम लागतोय सांगितलं असतं तर खोकला, छातीचा एक्स-रे असं करत अर्धा दिवस गेला असता.

ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं. ईसीजी, मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. व्हॉल्व्हमधून रक्त जाताना किती जोर लावावा लागतो त्याचा आकडा इकोत येतो, त्याला ग्रेडियंट म्हणतात. गेल्या वर्षीच्या रिपोर्टात तो ५ होता. आज १९. आयएनआर आला १.३.

मग कॅथ लॅबमध्ये नेऊन व्हॉल्व्हचा चालता एक्स-रे काढला. त्याला फ्लुरोस्कोपी म्हणतात. सुई नाही, नळी नाही, पाचेक मिनिटांचं काम. अर्धवट बसवूनच केलं. मान वळवली तर पडदा दिसत होता. माझ्या छातीत दोन बारीक काळ्या रेघा. एक रेघ अर्धवट हलत होती. दुसरी हलतच नव्हती. शेजारी फासळ्या हलत होत्या, हृदयाची सावली हलत होती आणि ती एक रेघ खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी. इतकी वर्षं रिपोर्ट वाचले, पण आजार असा डोळ्यांनी कधी दिसला नव्हता.

दुपारी दम जरा कमी झाल्यावर घशातून नळी घालून इको केला. घसा बधिर करायचा फवारा मारतात, तरी उबळ येते. नाकाने श्वास घ्यायचा आणि लाळ गिळायची नाही, बाहेर येऊ द्यायची, हे आधीच सांगून ठेवते. गुठळी केवढी आहे आणि हृदयाच्या कप्प्यात आणखी कुठे आहे का, हे त्यात बघतात. गुठळी मोठी असेल तर विरघळताना तिचा तुकडा सुटून मेंदूकडे जाण्याची भीती वाढते. माझी फार मोठी नव्हती.

त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना आणि माझ्या दिरांना समोर बसवून सांगितलं. दोन वाटा होत्या. एक, पुन्हा छाती उघडून व्हॉल्व्ह बदलायचा. त्यासाठी पुणे किंवा मुंबई. पुणे अडीचशे किलोमीटर, ॲम्ब्युलन्सने चार-पाच तास, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जोखमीचं. दोन, गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून द्यायचं, इथेच, आजच. दहापैकी सहा-सात जणांना पूर्ण फायदा होतो, काहींना अर्धवट होतो, आणि दहापैकी एखाद-दोघांना लकवा, मोठा रक्तस्राव किंवा त्याहून वाईट होऊ शकतं. हे त्यांनी आकड्यात आणि न अडखळता सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

हे म्हणाले, "मग सगळं औषध एकदम देऊन लवकर मोकळं करता येत नाही का?" डॉक्टरांनी सांगितलं की दिल्लीच्या एम्समध्ये नेमकं हेच तपासलं गेलंय. १२० रुग्णांवरचा अभ्यास, २००९ मध्ये छापून आलेला. निम्म्यांना तासाभरात १५ लाख युनिट, निम्म्यांना नेहमीच्या संथ गतीने. घाई करण्याचा ठाम फायदा दिसला नाही. म्हणून हळूहळू.

औषध स्ट्रेप्टोकायनेज. पहिल्या अर्ध्या तासात अडीच लाख युनिट, मग ताशी एक लाख, आणि दर सहा तासांनी इको करून कधी थांबायचं ते ठरणार. अल्टेप्लेज नावाचं दुसरं औषधही मंद गतीने देतात, ते कितीतरी महाग. मला विचारलेले प्रश्न जसेच्या तसे देते, म्हणजे घरच्यांनी उत्तरं तयार ठेवावीत. पूर्वी कधी स्ट्रेप्टोकायनेज घेतलंय का? कधी लकवा झालाय का? डोक्याला मार? गेल्या काही आठवड्यांत ऑपरेशन? पोटात अल्सर, काळी शी? पाळी कधी आली होती? गरोदर आहात का? दाढ काढून २६ दिवस झालेत हे मी सांगितलं. त्यांनी बॅटरीने हिरडी बघितली.

संमतीपत्र मराठीत होतं. सही मी स्वतः केली. शुद्धीत असेल तर रुग्णानेच करावी, असं सिस्टर म्हणाल्या. माझा हात कापत होता. दिरांनी साक्षीदार म्हणून सही केली. हे खिडकीकडे तोंड करून उभे होते.

औषध सुरू व्हायच्या आधी लघवीची नळी घातली आणि दोन्ही हातांना सुया लावून ठेवल्या, कारण नंतर टोचाटोची नको. मांडीत, दंडात इंजेक्शन अजिबात नाही. दात घासायचे नाहीत. कूस बदलायची तर हळू. ॲलर्जी होऊ नये म्हणून एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलं. संध्याकाळी साडेसहाला पंप सुरू झाला.

चाळीसेक मिनिटांनी हुडहुडी भरली. खाट हलत होती इतकी. ताप १०२. रक्तदाब ८४ वर आला, तेव्हा डॉक्टरांनी थोडा वेळ वेग कमी केला, मग परत वाढवला. या औषधाने असं होतं हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण निदान हे काय चाललंय ते माहीत होतं.

दर तासाला ब्रदर यायचे. "दोन्ही हात वर करा. दात दाखवा. नाव सांगा. आज वार कोणता?" रात्री बारानंतर मी शनिवारच म्हटलं आणि ते क्षणभर थांबले. मग घड्याळ बघून दोघांच्याही लक्षात आलं की रविवार लागलाय. हे प्रश्न म्हणजे मेंदूवर पहारा असतो. हात खाली पडला, तोंड वाकडं झालं, शब्द सापडेना, तर ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे. पेशंटने झोपमोड होते म्हणून वैतागू नये.

पहाटे तीन चाळीसला डोकं दुखायला लागलं. डाव्या बाजूला, खूप. मी ब्रदरना सांगितलं आणि त्यांनी मला काही न विचारता पंप बंद केला. पाच मिनिटांत डॉक्टर आले. खाटेसकट सीटी स्कॅनला नेलं. त्या बोगद्यासारख्या यंत्रात पडल्या पडल्या मला लेकीच्या दहावीच्या परीक्षेची तारीख आठवेना, आणि ती आठवत नाही याचीच जास्त भीती वाटली. स्कॅन चांगला आला. मेंदूत रक्त नव्हतं. एकूण पन्नास मिनिटं बंद राहून ड्रिप पुन्हा सुरू झाली. डोकं दुखलं तर ते औषधाने असेल, जागरणाने असेल, असा विचार करत पडून राहू नका. लगेच सांगा.

रविवारी सकाळी इको: १५. दुपारी एकला: ११. त्याच दुपारी हिरडीतून रक्त यायला लागलं, दाढेच्याच जागेतून. औषधात भिजवलेला कापसाचा बोळा दाताखाली दाबून ठेवला, तासाभराने थांबलं. आणि तेवढ्यात पाळी आली, चार दिवस आधी आणि खूप जास्त. हे मला सांगायला संकोच होत होता, समोर ब्रदर होते. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं की ताई, मोजायला लागतं." त्यांनी पॅड मोजले, हिमोग्लोबिन तपासलं. ११.२ चं ९.६ झालं होतं. पाळीमुळे औषध थांबवलं नाही. पण बायकांनी ही गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगावी आणि घरून पॅड आणून ठेवावेत.

संध्याकाळी सातला ग्रेडियंट ८. दम जवळजवळ गेला होता. खाटेची पाठीकडची बाजू मी स्वतः थोडी खाली करून मागितली.

सोमवारी, म्हणजे १३ तारखेला, रात्री दीडच्या सुमाराला जबड्याखाली काहीतरी ठकठक जाणवायला लागलं. आयसीयूत मॉनिटर वाजत असतात, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना खोकला होता, त्यामुळे खात्री होईना. मी ब्रदरना विचारलं, "आवाज येतोय का बघता का?" त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, ऐकलं, आणि काही न बोलता कानातल्या नळ्या काढून माझ्याच कानात घातल्या.

टक. टक. टक.

हे बाहेर बाकावर झोपले होते. त्यांना उठवून काचेतून खूण करा, एवढं मी मागितलं आणि ब्रदरनी ते केलं.

सकाळी इको: ५. सात वीसला पंप बंद केला. मधली पन्नास मिनिटं वजा जाता बरोबर छत्तीस तास. पंधरा लाख युनिटच्या तीन बाटल्या लागल्या. काही तासांनी हेपॅरिनची ड्रिप सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी ॲसिट्रॉम. ॲसिट्रॉमचा परिणाम पुरता यायला काही दिवस जातात, तोवर हेपॅरिन हात धरून ठेवतं, नाहीतर मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा गुठळी बसू शकते. गुठळी विरघळली की दोन दिवसांत घरी, असा आमचा समज होता. तसं होत नाही. खरी वाट नंतरच बघावी लागते.

आता कागदांचं. ते याच दिवसांत समांतर चालू होतं आणि ते सगळं ह्यांनी आणि दिरांनी निभावलं.

शनिवारी दाखल होताना २५ हजार अनामत भरायला सांगितलं. हे टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, मालकांकडून उचल घेऊन भरले. नंतर दवाखान्यातल्याच एका मावशींनी सांगितलं की खाली आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाचं, टेबल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात ते टेबल असतंच. ते आम्हाला दाखल होतानाच कुणी सांगायला हवं होतं. तुम्ही मात्र पैसे भरण्याच्या खिडकीआधी त्या टेबलाकडे जा.

आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार मागितलं. कार्ड केशरी, सासऱ्यांच्या नावावर. कागदी कार्डात माझं नाव आहे, पण संगणकावरच्या यादीत नव्हतं. लग्नानंतर हाताने लिहिलेलं ते नाव ऑनलाईन चढलंच नव्हतं. रविवारी सगळी कार्यालयं बंद. आरोग्यमित्राने तातडीचा रुग्ण म्हणून फोनवरून नोंद करून घेतली आणि कागद आणायला मुदत दिली. सोमवारी हे पुरवठा कार्यालयात गेले, कार्ड, माझं आधार, लग्नाचा दाखला, दाखल असल्याचं दवाखान्याचं पत्र घेऊन. अर्ज, मग दुसरी खिडकी, मग साहेब जेवायला गेलेले. संक्रांतीचे दिवस, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेची गर्दी, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले. जाऊबाई डबा घेऊन निघाल्या की दीड तास लागायचा. त्या गर्दीतून हे चालत आले-गेले. बुधवारी नाव चढलं.

तेवढ्यात मंजुरीच्या अर्जावर शंका निघून तो परत आला. मूळ ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि फ्लुरोस्कोपीची चित्रं हवी होती. २०१३ ची फाईल माहेरी ट्रंकेत. भावाने रात्री शोधून मोबाईलवर फोटो पाठवले. व्हॉल्व्हचं कार्ड मात्र माझ्या पाकिटात होतं, त्यावर कंपनी, माप आणि नंबर. ते कार्ड आणि डिस्चार्जचा कागद, दोन्हींचे फोटो घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये असू द्या. अर्ज कुठल्या उपचाराच्या नावाखाली घालायचा ते डॉक्टर आणि आरोग्यमित्र मिळून ठरवतात, त्यांची गाठ आपण घालून द्यावी लागते. दोन दिवस काही हालचाल दिसेना तेव्हा दिरांनी १५५३८८ या योजनेच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली. गुरुवारी, १६ तारखेला मंजुरी आली.

तोवर आमचे ४१ हजार गेले होते. डिस्चार्जच्या वेळी २८ हजार परत मिळाले. राहिलेले तेरा नोंदणीच्या आधीच्या तपासण्या, सीटी स्कॅन आणि बाहेरून आणलेल्या वस्तूंचे. प्रत्येक पावती दिरांनी एका वहीत चिकटवली होती, म्हणूनच २८ तरी आले.

१५ तारखेला पुन्हा फ्लुरोस्कोपी झाली. या वेळी मी आडवी पडू शकले. दोन्ही रेघा उघडत होत्या, मिटत होत्या. तंत्रज्ञाने माझ्यासाठी दोनदा दाखवलं. संध्याकाळी वॉर्डात आणलं.

वॉर्डातले पाच दिवस म्हणजे सकाळी रक्त आणि दुपारी आकडा. १.४, १.७, १.९, २.१. एक दिवस हेपॅरिनचा वेग जास्त झाला, हातावर जांभळे डाग पडले, कमी केला. डॉक्टर एका संध्याकाळी निवांत बोलले, त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. स्ट्रेप्टोकायनेज हे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंपासून मिळतं. ते गुठळी विरघळवतात हे टिलेट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३३ मध्ये दाखवलं. आणि अकराव्या वर्षी माझ्या घशात शिरून पुढे झडप घालवणारा जिवाणू याच घराण्यातला. मला त्याचा राग यावा की काय, ते ठरेना. मी लेकीला फोन करून घसा दुखतोय का विचारलं. मुलांचा घसा लाल होऊन ताप आला, पुढे सांधे सुजले, तर तेल चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

याच कारणाने हे औषध सहज पुन्हा देता येत नाही. शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, दुसऱ्यांदा ॲलर्जी होऊ शकते किंवा औषध चालतच नाही. पुढे कधी लागलंच तर दुसरं औषध. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलं आहेच, पण मी व्हॉल्व्हच्या कार्डाच्या मागेही लाल शाईने लिहून ठेवलं: स्ट्रेप्टोकायनेज दिले, ११ जानेवारी २०२५.

२० तारखेला आयएनआर २.६ आला आणि घरी सोडलं. दोन जिने मध्ये एकदा थांबून चढले. पहिला महिनाभर आठवड्याला तपासणी, मग पंधरवड्याला, आता महिन्याला. तपासणी एकाच लॅबमध्ये करते, तीनशे रुपये. शाळेच्या वहीत चार रकाने: तारीख, आयएनआर, गोळीचा डोस, त्या आठवड्यात घेतलेलं दुसरं कुठलंही औषध. अँटिबायोटिक किंवा अंगदुखीची गोळी कुणी लिहून दिली की आधी विचारते. पालेभाजी बंद केली नाही, आठवड्यातून तीनदा, साधारण तेवढीच. गोळी संध्याकाळी आठला, ह्यांच्या फोनमध्ये गजर. आणि रोज रात्री, माग बंद असोत नाहीतर चालू, उशीवर डाव्या कुशीला वळून कान लावते.

मे महिन्यात दुसऱ्या बाजूची दाढ काढायची वेळ आली. या वेळी आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली: गोळी बंद करू नये. दातांचे डॉक्टर दुसरे शोधले, त्यांना ती दाखवली, ते त्यांच्याशी फोनवर बोलले. १३ तारखेला आयएनआर २.७. १४ मेला सकाळी दहाला दाढ काढली, म्हणजे रक्त येत राहिलंच तर दिवस हाताशी. दोन टाके घातले, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमध्ये, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या औषधात, भिजवलेला बोळा अर्धा तास दाबून धरला. दुपारपर्यंत थोडं थोडं रक्त येत होतं, चारपर्यंत थांबलं. टाके आणि औषधासकट अठराशे रुपये झाले. संध्याकाळी थंड दूध-भात खाल्ला आणि आठचा गजर झाल्यावर गोळी घेतली.